पातीतला गोटा

मार्चमधल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोरखडकीच्या आकाशात लागोपाठ दोन दणके झाले आणि गावात एकानेही मान वर केली नाही.

याचं कारण पुलगाव. तिथल्या डेपोत मुदत संपलेला दारूगोळा फोडतात, आणि वारा तसा असला की तो आवाज आमच्यापर्यंत पोचतो. आमच्याकडच्या म्हशीसुद्धा त्याला कान हलवत नाहीत. माझी आई, रुख्माबाई, त्या वेळी वावरात होती. "डेपोवाले फोडून राह्यले," एवढं म्हणून ती पुन्हा वाकली. मी घरी होते. भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली, रस्त्यात वेगळा दगड दिसला की पिशवीत टाकणारी मी, मीही मान वर केली नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं.

बुधवारी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. यवतमाळकडच्या एका पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात एक पांढरा ठिपका तीन सेकंद आकाश कापत गेलेला दिसत होता. खाली वेळ होती : ११:०८. आवाज आमच्याकडे पोचायला लागणारी दोन मिनिटं धरली, तर हिशोब जुळत होता. तो डेपो नव्हता. ती उल्का होती आणि ती आमच्या डोक्यावर फुटली होती.

नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेतली दोन माणसं आर्वीत येऊन तुकडे शोधत आहेत असं कळलं, तेव्हा मी त्यांचा नंबर मिळवला. गुरुवारी संध्याकाळी ती दोघं आमच्या ओसरीवर बसली होती. डॉक्टर चारुता मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर मिहिर नावाचा संशोधक, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. दोन दिवस उन्हात हिंडून त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

"रविवारी पाऊस सांगितलाय, गारांसकट," मॅडम म्हणाल्या. "ही उल्का साध्या जातीची दिसत नाही. उजेडाच्या पट्ट्यावरून वाटतं, की ती कार्बनवाली, ठिसूळ असावी. तसे दगड पावसात भिजले की दोन-चार दिवसांत त्यांची माती होते. आपल्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहे."

मिहिरने तशा जातीच्या उल्केचा फोटो मला दाखवला. आई भाकरी टाकता टाकता चुलीजवळून उठून आली, हाताचं पीठ झटकलं आणि वाकून बघितलं.

"हे तं आमी फेकले," ती म्हणाली.

मिहिरने फोन तिच्यापुढे धरला.

"असेच काळे गोटे. आतून बी काळे. मंगळवारी एक निंघाला, काल एक, आज बी निंघाला. संगतची कमलाबाई म्हणे, वीटभट्टीतला जळका तुकडा होय. हातात घेतला तं हलका. आपला गोटा असा हलका नसते."

आमच्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. माझ्या आईने तो चाळीस वर्षं हातात घेतला आहे. 'हलका' या तिच्या शब्दावर मी कुठल्याही तराजूएवढा विश्वास ठेवते. मॅडमनीही तो शब्द टिपला. त्या पुढे सरकल्या.

"कुठून उचलले?"

"वावरातून. वेचणीत."

मिहिरने हळूच फोन खिशात घातला. "मग संपलं, मॅडम. उचलून ढिगात टाकलेत. जागा गेली."

"काऊन संपलं?" आईने विचारलं.

ते तिला मी समजावलं. उल्का फुटली की तुकडे एका लांबट पट्ट्यात पडतात. हलके अलीकडे, जड पलीकडे, कारण जड तुकड्याला हवा लवकर अडवू शकत नाही. छोट्या तुकड्यांच्या जागा नेमक्या कळल्या, तर मोठा कुठे पडला असेल ते काढता येतं. जागा नसेल तर दगड नुसता दगड, आणि मोठा तुकडा रविवारी पावसात जाणार.

आईने माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मिहिरकडे वळली. "ढीग म्हंजे तुमाले काय वाटलं सायेब, उकिरडा?"

ती आत गेली आणि परात घेऊन आली. परातीत कोरडं पीठ होतं. त्यात तिने बोटाने सात समांतर रेघा ओढल्या.

इथे तिचं काम सांगायला हवं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून झाल्या की पेरणीआधी वावरातले गोटे वेचून काढतात. त्यासाठी गावात आईची सात बायांची टोळी आहे. सातजणी एका ओळीत उभ्या राहतात आणि प्रत्येकीला चार तासांचा, म्हणजे कपाशीच्या चार ओळींचा, पट्टा मिळतो. दोन ओळींत तीन फुटांचं अंतर, म्हणजे पट्टा बारा फुटांचा. याला पात म्हणतात. पात धरली की ती वावर संपेपर्यंत सोडायची नाही आणि दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. घमेलं भरलं की ते धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, वाहून न्यायचं नाही, तिथेच आपल्या पातीत उपडं करायचं. नंतर ट्रॅक्टर येऊन सगळे ढीग उचलतो.

"हा ढीग," आईने रेघेवर चिमूटभर पीठ ठेवलं. "आन् हा याच्या मांगचा. या दोघाइच्या मधात जेवढं वावर, तेवढ्यातलेच गोटे या ढिगात. ना अलीकडचा, ना पलीकडचा. पंधरा पावलं, जास्तीत जास्त वीस. आता सांगा, जागा गेली काय?"

मॅडमनी परातीकडे बराच वेळ पाहिलं. बारा फूट रुंद, पंधरा पावलं लांब. मी मनात मीटरमध्ये करून बघितलं. चार मीटर गुणिले दहा-अकरा मीटर. दोन किलोमीटरच्या पट्ट्यासाठी एवढं नेमकेपण पुरेसं होतं, पुरून उरत होतं.

"ढीग अजून जागेवर आहेत?" मॅडमनी विचारलं.

"उद्या सकाळी सदाशिवरावचा ट्रॅक्टर येऊन राह्यला."

शुक्रवारी सहा वाजता मी सायकलवरून सदाशिवरावांच्या वावराकडे निघाले. तिथे ट्रॉली उभी होती आणि तिच्यात नऊ ढीग चढले होते. सदाशिवराव धुऱ्यावर दात घासत उभे होते. त्यांना मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"आभाळातला गोटा? माह्या वावरात?" त्यांनी गुळणी केली. "सरकार वावर तं नाई नेणार ना?"

"नाही काका. फक्त गोटा."

"मंग ने बाप्पा. गोटेच तं फेकून राह्यलो."

टोळी सात वाजता आली. त्यांनी तीन दिवसांत तीन वावरं केली होती, सदाशिवरावांचं नाल्याजवळचं आणि पुढची दोन, एकमेकांपासून साधारण किलोमीटरवर. एकूण दोनशेच्या वर ढीग होते. मॅडमनी सगळ्यांना हातमोजे दिले. ते बायांना फार आवडले. "लग्नात घालीन," टोळीतली सगळ्यात मोठी, मनकर्णाबाई म्हणाली. तिचं वय सत्तरच्या पुढे. तिचं लग्न होऊन पंचावन्न वर्षं झाली होती.

मी दोरीला बांधलेलं चुंबक घेऊन मागे फिरत होते. पण चुंबक आमच्या बेसाल्टलाही थोडं ओढतं, त्यामुळे त्याचा उपयोग थोडाच झाला. बायांचे हात जास्त नेमके होते. त्या ढीग पसरत, दोन्ही हातांनी गोटे मागे टाकत, आणि एखादा हातात आला की क्षणभर थांबत. साडेनवाला पहिला निघाला. बावीस ग्रॅम, सुपारीपेक्षा थोडा मोठा, वर काळी साय धरल्यासारखं वेष्टन. वातावरणातून येताना तो बाहेरून वितळतो, त्याची ती खूण.

मॅडमनी तो चांदीच्या कागदात घेतला. 

"कोणाची पात?" मिहिरने वही उघडली.

"माही," कमलाबाई म्हणाली. "धुऱ्यापासून तिसरी. हा पाचवा ढीग."

मिहिरने फोनवर जागेची नोंद घेतली, पण चेहऱ्यावर शंका होती. "काकू, नक्की तिसरी? चौथी नसेल?"

कमलाबाईने त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "चौथी हिची," ती माझ्या आईकडे बोट दाखवून म्हणाली. "हिच्या पातीत जाऊन पाहा बरं एकदा. हात मोडते ते."

दुपारपर्यंत दुसऱ्या वावरात पंच्याऐंशी ग्रॅमचा मिळाला, मनकर्णाबाईच्या पातीत. ट्रॉलीतल्या मिसळलेल्या गोट्यांतही एक निघाला. तो आपल्याच पातीतला असं तिघींनी सांगितलं. मॅडमनी तिघींचं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं : 'जागा अनिश्चित'. मला वाटलं, बाया रागावतील. पण आई म्हणाली, "बरोबर हाये. नाई माहीत तं नाई माहीत." त्या क्षणापासून तिचं आणि मॅडमचं जमलं.

जेवायला सगळे बाभळीखाली बसलो. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. टोळीतली सगळ्यात लहान, जागृती, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, तिने मला विचारलं, "ताई, एवढ्याशा गोट्यासाठी नागपूरहून काऊन आले हे?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तूच सांग."

मग मी सांगितलं. पृथ्वी अशाच गोट्यांची बनली आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी असे गोटे एकमेकांवर आपटत, चिकटत गेले आणि त्यांचा हा गोळा झाला. या काळ्या जातीच्या दगडात पाणी असतं, मातीच्या कणांत अडकलेलं, आणि जीव ज्याच्यापासून बनतो ती कार्बनची रसायनंही असतात. आपल्या नद्या-समुद्रातलं काही पाणी अशा दगडांतून आलं असावं असं मानतात. नेमकं किती, ते अजून कोणाला ठाऊक नाही. म्हणूनच हा बावीस ग्रॅमचा तुकडा नागपूरला हवा आहे.

"आन् मोठा पडला तं?" कमलाबाईने विचारलं.

"सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पडला होता. इथे नाही, मेक्सिकोत. दहा किलोमीटरचा, म्हणजे इथून आर्वीच्या अर्ध्या रस्त्यापर्यंत एवढा एकच गोटा. धुळीने सूर्य झाकला, झाडं मेली, डायनासोर गेले. त्याच सुमाराला इथे जमिनीतून लाव्हा येत होता, थरावर थर. तुम्ही वेचता तो काळा गोटा म्हणजे तो लाव्हा. तोच झिजून ही काळी माती झाली."

"मंग माणसं?"

"माणसं नव्हती. आपले पूर्वज तेव्हा उंदराएवढे, बिळात राहणारे. मोठे प्राणी गेले म्हणून त्यांना जागा झाली."

आईने भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला आणि विचार केला. "म्हंजे तो गोटा पडला नसता तं आपण नसतो?"

"बहुतेक नसतो."

"मंग चांगला गोटा होता तो."

मॅडम मोठ्याने हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिसऱ्या वावरात ऊन उतरताना जागृतीच्या पातीत तीनशे दहा ग्रॅमचा निघाला. मॅडमनी तिन्ही जागा नकाशावर मांडल्या. बावीस, पंच्याऐंशी, तीनशे दहा. तीन ठिपके जवळजवळ एका रेषेत आले, ईशान्येकडे जाणारे, आणि वजन क्रमाने वाढत होतं. मिहिरने सोमवारच्या वाऱ्याचे आकडे घातले, दोनदा हिशोब केला आणि मान हलवली.

"मोठा तुकडा असेल तर इथे." त्याने बोटाने एक चौकोन काढला. "तीनशे मीटर बाय दोनशे."

तो चौकोन हरभऱ्याच्या वावरांवर आला होता. हरभरा सोंगून झालेला, जमीन उघडी. मॅडमनी नागपूरहून दहा विद्यार्थी मागवायला फोन केला. मुलांची परीक्षा चालू होती. रविवारी सकाळी येतील, असं उत्तर आलं.

"रविवारी पाऊस आहे," मॅडम फोन ठेवून म्हणाल्या.

"पोट्टे कायले पाह्यजे?" आई म्हणाली. "आमी हाओत ना."

"पण तुमचं उद्याचं काम?"

"वावर पळून नाई जात. तुमचा गोटा जाईन."

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही चौकोनाच्या दक्षिण कडेला उभे होतो. जागा मोठी आणि हात कमी होते, म्हणून आईने मिहिरला आणि मलाही ओळीत घेतलं. मी शाळेत असताना सुट्टीत टोळीबरोबर जायचे, त्यानंतर पात धरली नव्हती. आईने मला अगदी शेवटची, ओढ्याकडची पात दिली, जिथे एका बाजूला वाट दाखवायला कोणी नसतं. मिहिरला कमलाबाई आणि मनकर्णाबाईच्या मध्ये उभं केलं.

"गोट्याकडं पाहू नका," आईने त्याला सांगितलं. "खाली पाहत चाला. वेगळा असन तं तो सोताहून दिसते."

पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. साडेनऊ वाजता पश्चिमेला ढग दिसू लागले, एक दिवस आधीच. मॅडम ओळीच्या मागून चालत होत्या आणि दर थोड्या वेळाने आकाशाकडे पाहत होत्या. हवा दमट झाली. बायांचा वेग वाढला नाही, कमीही झाला नाही.

मिहिर मात्र भरकटू लागला. तो नकाशा पाहायला थांबे, मग गाठायला पळे, आणि पळताना मनकर्णाबाईच्या पट्ट्यात शिरे.

"सायेब, माह्या पातीतून जाता का माहेरी?" ती म्हणाली.

"सॉरी, आजी."

"सॉरी नको. सरळ चाल ना बाप्पा. तुह्यावाल्या पातीत गोटा असन, आन् तू माह्या पातीत."

तिसऱ्या फेरीनंतर मिहिर मॅडमकडे गेला. मला ऐकू आलं, "वाऱ्याचे आकडे चुकले असतील. चौकोन दक्षिणेला सरकवू या का?" मॅडमनी ढगांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"रुख्माबाई, तुम्हाला काय वाटतं?"

आईने कमरेवर हात ठेवले. "अर्धं वावर पाहून सोडलं तं दोन्ही अर्धीच राह्यतीन. हे पुरं करू."

चौथी फेरी चौकोनाच्या उत्तर टोकाकडून परत येणारी होती. माझी नजर जमिनीवर होती. धसकटं, भेगा, साध्या गोट्यांची सावली, पुन्हा धसकटं. मी शेजारच्या पातीकडे एकदाही पाहिलं नाही. तिथे आई होती आणि तिची पात तिची होती. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही, पण नंतर मिहिरच्या वहीत पाहिलं तेव्हा वेळ होती अकरा बावन्न.

"वं रुख्मा," कमलाबाईचा आवाज आला. ती ओरडली नाही. "इकडं येजो बरं."

ती उभी राहिली होती आणि हात पाठीमागे बांधले होते, हात लावायचा मोह होऊ नये म्हणून. तिच्या पायापुढे एक उथळ खळगा होता, परातीएवढा. त्यात काळा दगड दोन तुकड्यांत फुटून पडला होता. दोन्ही मिळून ते चार किलो शंभर ग्रॅम भरले. फुटलेला भाग कोळशासारखा, त्यात खसखशीएवढे पांढुरके ठिपके. सूर्याच्या आधीची धूळ त्यात सापडू शकते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात त्याला वास असतो असं लिहिलं नव्हतं. ओल्या डांबरासारखा किंचित वास येत होता.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. सगळ्या बाया गोल उभ्या राहिल्या. कोणी पाया पडलं नाही, कोणी फोटो काढला नाही. मनकर्णाबाई वाकून, डोळे बारीक करून पाहत म्हणाली, "एवढ्या दुरून आला, आन् आला तं आमच्या गावात आला."

तिने हे इतक्या ठामपणे म्हटलं, जणू त्याला दुसरीकडे जायचा पर्याय होता आणि त्याने विचार करून बोरखडकी निवडलं.

दोन्ही तुकडे चांदीच्या कागदात, मग पिशवीत, मग ओल शोषणारी पुडकी घातलेल्या पेटीत गेले. झाकण लागलं तेव्हा पहिले थेंब पडायला अजून वेळ होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि पेटीवर हात ठेवून श्वास सोडला.

मग मिहिरने वही काढली. सरकारी तक्ता होता : तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वजन. शेवटचा रकाना, 'शोधणाऱ्याचं नाव'. आदल्या दिवशी छोट्या तुकड्यांपुढे तो त्याने रिकामाच ठेवला होता.

"कमलाबाई... पूर्ण नाव सांगा काकू."

कमलाबाई गोंधळली. "माह्या एकटीचं कायले?"

"तुम्हाला सापडला ना."

"माह्या पातीत होता म्हून मले सापडला. रुख्मानं मले दुसरी पात देली असती तं? सगळ्याइचं लिहा."

"तक्त्यात एकाच नावाची जागा आहे," मिहिर म्हणाला. पण आता तो वाद घालत नव्हता. त्याने मॅडमकडे पाहिलं.

"कागद जोडा," मॅडम म्हणाल्या.

मिहिर मांडी घालून वावरातच बसला आणि नावं लिहू लागला. एकेक बाई पुढे येऊन आपलं नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव सांगत होती. जागृतीने आपलं माहेरचं आडनाव सांगितलं, मग सासरचंही सांगितलं. "दोन्ही लिहा," ती म्हणाली, आणि त्याने दोन्ही लिहिली. मनकर्णाबाईने त्याला प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. सात नावं झाली. त्याने पेनचं टोपण लावलं.

"आठवं राह्यलं," आई म्हणाली.

"आठवं?"

"अंकिता. माही पोरगी. ओढ्याकडच्या पातीले होती."

मिहिरने टोपण काढलं आणि माझं नाव लिहिलं. माझ्या नावापुढे याआधी गुण लिहिले गेले होते, टक्के लिहिले गेले होते. मी दुसरीकडे पाहिलं, कारण आई माझ्याकडे पाहत होती.

मिहिरने जरा थांबून, हसून विचारलं, "आणि मीही होतो ना ओळीत. माझं?"

आईने त्या वावराकडे एकदा पाहिलं, जिथे मऊ मातीत सगळ्यांच्या पावलांच्या रांगा अजून स्पष्ट दिसत होत्या, आठ सरळ आणि एक नागमोडी.

"तुमची पात वाकडी गेली, सायेब," ती म्हणाली. "तुमचं पुढच्या वेळी."